काकांचा पीएसए पुन्हा का वाढला?



या वेळी पावसाळ्यात घराच्या भिंतींवर येणाऱ्या बुरशीबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण गेले काही महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, आणि तो आपल्यापैकी बऱ्याच घरांत कधी ना कधी येतो. म्हणून बुरशी पुढच्या अंकात. आज माझ्या मोठ्या काकांबद्दल. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "नाव घालू नकोस, बाकी काय ते लिही. कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असं ते म्हणाले.

काका बहात्तर वर्षांचे. जन्म इंदूरचा, नोकरीही इंदूरलाच, पाणीपुरवठा खात्यात. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी कोणत्या वस्तीला किती वाजता सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. अडीच वर्षांपूर्वी त्यांची कंबर दुखायला लागली. वयाचं दुखणं म्हणून महिनाभर तेल चोळून झालं. मग तपासण्या झाल्या आणि प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचल्याचं कळलं. घरात तो शब्द कुणी मोठ्याने उच्चारला नाही. नातेवाइकांना 'लघवीचा त्रास आहे' एवढंच सांगितलं गेलं.

दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झालं. पीएसए ८६ होता, तो आठ महिन्यांत ०.४ वर आला. कंबर दुखायची थांबली. काका पुन्हा सकाळी फिरायला जाऊ लागले, येताना पोहे-जिलबी आणू लागले. आम्हाला वाटलं, सुटलो. मग पीएसए ०.९ झाला, पुढच्या वेळी २.१, आणि त्यानंतर ४.८.

त्या रविवारी पुण्याहून दादाचा, म्हणजे काकांच्या मुलाचा, घरच्या ग्रुपवर मेसेज आला : 'इंजेक्शनं नकली तर नव्हती? डॉक्टर बदलू या.' काकूंना वाटलं, पथ्य मोडलं म्हणून झालं. आणि काकांनी शांतपणे जाहीर केलं, "लागू पडत नाही ना इंजेक्शन? मग बंद. पुढच्या तारखेला मी जाणार नाही."

मी डॉक्टर नाही, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुतणीने काकांशी या विषयावर बोलायचं म्हणजे दोघांनाही अवघड. तरी त्या दुपारी आम्ही बसलो. त्या दिवशी जे बोलणं झालं, तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी इंजेक्शन कशाचं होतं ते पाहू. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असलेली छोटी ग्रंथी. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या हार्मोनवर पोसतात, आणि तिथे कॅन्सर झाला तर बहुतेक वेळा तोही त्याच हार्मोनवर वाढतो. हे १९४१ साली शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिलं. आजार शरीरात पसरलेल्या रुग्णांचे वृषण शस्त्रक्रियेने काढले, की आजार मागे हटतो, असं त्यांना आढळलं. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल मिळालं. एखाद्या कॅन्सरला औषधाने नव्हे, तर त्याची रसद तोडून थोपवता येतं, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

ती शस्त्रक्रिया आजही होते. एकदाच खर्च आणि नंतर इंजेक्शनाची कटकट नाही, म्हणून आपल्याकडे अनेकजण ती निवडतात. इंजेक्शन तेच काम वेगळ्या वाटेने करतं. वृषणांना 'टेस्टोस्टेरॉन बनवा' हा निरोप मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून जातो. इंजेक्शनामुळे त्या ग्रंथीवर सतत इतका मारा होतो, की काही आठवड्यांत ती निरोप पाठवणंच थांबवते. सुरुवातीला मात्र टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून पहिले काही दिवस सोबत वेगळी गोळी देतात.

मग मी काकांची फाइल उघडली. पीएसएच्या रिपोर्टखाली दुसरा एक रिपोर्ट होता, जो घरात कुणीच वाचला नव्हता. टेस्टोस्टेरॉन : १८. उपचार चालू असताना हा आकडा ५० च्या खाली असावा लागतो, २० च्या खाली असला तर उत्तमच. म्हणजे इंजेक्शन नकली नव्हतं. त्याने आपलं काम चोख केलं होतं. नळ बंदच होता. आणि तरीही पीएसए वाढत होता.

"मग पाणी येतंय कुठून?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी अगदी खात्यातल्या आवाजात विचारला. मला हसू आलं. म्हटलं, "काका, तुम्हीच सांगा. एखाद्या वस्तीचं पाणी तुम्ही कमी केलंत, तर लोक काय करायचे?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाणी कमी केलं म्हणून लोक मरत नाहीत गं. टाक्या बांधतात."

मंडळी, माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात एवढं नेमकं वाक्य मला सुचलं नव्हतं. पुढचा अर्धा तास काका त्यांच्या खात्याचे किस्से सांगत होते, आणि मी प्रत्येक किश्श्याला पेशीतली गोष्ट जोडत होते.

पहिला प्रकार टाक्या आणि मोटरींचा. पेशीच्या आत टेस्टोस्टेरॉनला धरणारं एक प्रथिन असतं, त्याला अँड्रोजन रिसेप्टर म्हणतात. हार्मोन हाती लागला की हा रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात जातो आणि वाढीची जनुकं चालू करतो. हार्मोनची धार बारीक झाली, की काही पेशी रिसेप्टरचीच संख्या वाढवतात. नळाला थेट मोटर लावून लोक थेंब न् थेंब ओढून घेतात, तसं. १९९५ साली फिनलंडच्या संशोधकांनी उपचारांनंतर उलटलेल्या २३ गाठी तपासल्या. त्यांतल्या ७ गाठींमध्ये रिसेप्टरच्या जनुकाच्या कितीतरी जादा प्रती होत्या. त्याच रुग्णांच्या उपचारांआधीच्या गाठींत तशा प्रती नव्हत्या.

दुसरा प्रकार बोअरिंगचा. वृषण बंद झाले, तरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थोडा कच्चा माल बनवतच असतात. गाठीतल्या काही पेशी त्या कच्च्या मालापासून स्वतःपुरतं हार्मोन घरातच तयार करायला शिकतात. रक्तातला आकडा १८ दिसतो, पण गाठीच्या आत त्याहून जास्त असू शकतो. रस्त्यावरचा नळ कोरडा आणि अंगणातली बोअरिंग चालू.

तिसरा, 'कुठलंही पाणी चालेल' हा प्रकार. रिसेप्टरच्या जनुकात एखादा बारीक बदल होतो, आणि मग तो टेस्टोस्टेरॉनसाठी अडून बसत नाही. दुसऱ्या हार्मोननेही चालू होतो. कधी तर ज्या गोळीने त्याला अडवायचं, त्याच गोळीने तो चालू होतो. पूर्वी फ्लुटामाइड नावाची गोळी सर्रास देत. काही रुग्णांमध्ये ती थांबवल्यावर पीएसए खाली यायचा, तेव्हा डॉक्टरही चक्रावले होते. त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

चौथा प्रकार सांगताना मी अडखळले, तर काकांनीच मदत केली. रिसेप्टरचा एक भाग हार्मोनला धरण्यासाठी असतो, दुसरा जनुकं चालू करण्यासाठी. काही पेशी पहिला भाग नसलेला, तोकडा रिसेप्टर बनवतात. हार्मोन असो वा नसो, तो चालूच राहतो. "म्हणजे बॉल तुटलेला बॉलकॉक," काका म्हणाले. टाकी भरली की रिकामी हे कळण्यासाठी जो बॉल असतो तोच गळून पडला, तर पाणी वाहतच राहणार. अगदी तसंच. अशा एका तोकड्या रिसेप्टरला एआर-व्ही७ म्हणतात. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशींमध्ये तो सापडला, तर हार्मोन अडवणाऱ्या नव्या गोळ्याही फारशा लागू पडत नाहीत, असं जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २०१४ साली दाखवलं.

आणि शेवटचा, घर सोडून जाण्याचा प्रकार. थोड्या रुग्णांमध्ये पेशी आपला मूळ स्वभावच बदलतात, प्रोस्टेटच्या पेशीसारख्या राहतच नाहीत. त्यांना हार्मोनशी काही देणंघेणं उरत नाही. त्या पीएसएही फारसा बनवत नाहीत. म्हणून पीएसए कमी आहे आणि दुखणं मात्र वाढतंय, असं दिसलं तर आकड्यावर विसंबून न राहता डॉक्टरांना सांगायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मी स्वतः 'शिकतात', 'बनवतात' असे शब्द वापरले. पेशींना डोकं नसतं. त्या काही ठरवून करत नाहीत. गाठीत कोट्यवधी पेशी असतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. हार्मोन बंद झालं की बहुतेक पेशी मरतात किंवा निपचित पडतात. ज्यांच्यात योगायोगाने असा एखादा बदल आधीच होता, किंवा टंचाईच्या काळात झाला, त्या टिकतात आणि वाढतात. शेतात एकच औषध वर्षानुवर्षं फवारलं की शेवटी तेच तण उरतं ज्याला ते औषध लागत नाही, त्यातलाच प्रकार. काहींच्या बाबतीत हे वर्षभरात होतं, काहींच्या बाबतीत बऱ्याच वर्षांनी. त्यात पथ्याचा दोष नाही, रुग्णाचा नाही, आणि डॉक्टरांनी काही चुकीचं केलं असंही त्यावरून ठरत नाही. काकूंना हे ऐकून किती हायसं वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या इतके दिवस स्वतःला दोष देत होत्या.

आता मुद्द्याची गोष्ट. वर सांगितलेले पहिले चार प्रकार पुन्हा पाहा. चारही ठिकाणी शेवटी कामाला येतो तो तोच रिसेप्टर. आणि याचा पुरावा खुद्द पीएसएमध्येच आहे. पीएसए बनवणारं जनुक हा रिसेप्टरच चालू करतो. म्हणजे टेस्टोस्टेरॉन १८ असताना पीएसए वाढतोय, याचा अर्थ बहुधा रिसेप्टर पुन्हा कामाला लागलाय. पूर्वी अशा आजाराला 'हार्मोनला न जुमानणारा' म्हणत आणि डॉक्टर हार्मोनचा विचार सोडून देत. तो समज चुकीचा होता. गाठ हार्मोनच्या वाटेवरून उतरलेलीच नसते, तिने त्याच वाटेवर नवी सोय केलेली असते. २००४ साली अमेरिकेत चार्ल्स सॉयर्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की रिसेप्टरचं प्रमाण वाढणं एवढं एक कारणही औषध निकामी करायला पुरेसं आहे. त्यातूनच पुढे एन्झालुटामाइड हे औषध आलं, जे रिसेप्टरला घट्ट अडवून धरतं. अमेरिकेत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. त्याच्या एक वर्ष आधी लंडनच्या संशोधनातून आलेलं अबिराटेरॉन मान्य झालं होतं. ते अ‍ॅड्रिनलमधलं आणि गाठीतलंही हार्मोन बनणं थांबवतं. काकांच्या भाषेत, बोअरिंगला कुलूप.

"मग इंजेक्शन बंद करू ना?" काकांनी पुन्हा विचारलं.

"काका, वस्तीत बोअरिंग निघाल्या म्हणून तुम्ही मेन लाइनचा व्हॉल्व्ह उघडून द्याल का?"

ते हसले. इंजेक्शन चालूच ठेवायचं असतं ते याचसाठी. सगळ्या पेशी काही हुशार झालेल्या नसतात. आणि ज्या झाल्या आहेत, त्यांनाही भरपूर हार्मोन मिळालं तर हवंच आहे. नवी गोळी इंजेक्शनासोबत घ्यायची असते, त्याच्याऐवजी नाही. काकांना पुढच्या तारखेला डॉक्टरांनीही नेमकं हेच सांगितलं आणि अबिराटेरॉन सुरू केलं. आपल्याकडे त्याच्या जेनेरिक गोळ्या मिळतात. सोबत थोडं प्रेडनिसोलोन असतं, आणि रक्तदाब, पोटॅशियम, लिव्हर यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आता जे सांगायचं आहे ते थोडं अवघड आहे. अलीकडे अनेक रुग्णांना ही गोळी पीएसए वाढायची वाट न पाहता, पहिल्या इंजेक्शनाबरोबरच देतात. आजार पसरलेला असेल तर सुरुवातीपासून दोन्ही दिल्यास रुग्ण जास्त जगतात, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत दिसलं. हे वाचून दादाने फोनवर विचारलं, "मग बाबांना तेव्हाच का नाही दिली?" मी फाइल पुन्हा चाळली. पहिल्याच भेटीच्या कागदावर डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहिलं होतं आणि पुढे 'घरच्यांशी बोलून कळवतो म्हणाले' असं लिहिलेलं होतं. काकांनी एकट्यानेच ठरवून टाकलं होतं की एक इंजेक्शन पुरे, मुलांवर खर्चाचा भार नको. आम्ही कुणी विचारलंच नाही. मीही नाही. पेशींबद्दल वर्गात तास न् तास बोलणारी मी, काकांच्या आजाराच्या जागेचा संकोच वाटून अडीच वर्षं ती फाइल उघडली नव्हती.

तेव्हा गोळी घेतली असती तर आज काय झालं असतं, ते सांगता येत नाही. पण विचारलं असतं, एवढं तर आमच्या हातात होतं.

म्हणून तरुण मंडळींना माझं सांगणं. घरात कुणाला हा आजार असेल तर फाइल मागून घ्या, वाचा. पीएसए वाढला तर त्याच वेळचा टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट आहे का ते पाहा. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. एखाद्या आकड्यावरून घाबरू नका, आकडे कोणत्या दिशेने चाललेत ते बघा. या उपचारात हाडं ठिसूळ होतात, वजन आणि साखर वाढते, अंगातून गरम वाफा येतात, मन उदास होतं. काका रात्री दोन वाजता गच्चीवर जाऊन बसायचे. आम्हाला वाटायचं उकडतं म्हणून. 'आता मी पूर्वीचा माणूस राहिलो नाही' असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनी त्या रविवारी पहिल्यांदा सांगितलं. यावरही इलाज असतात, पण आधी कुणीतरी विचारावं लागतं.

आणि एक तपासणी, जिचा संबंध थेट तुमच्याशी आहे. आजार पसरलेल्या रुग्णांपैकी साधारण दहात एकाच्या अंगात डीएनए दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जनुकात जन्मजात दोष असतो, बीआरसीए२ हे त्यातलं महत्त्वाचं. तो सापडला तर त्या रुग्णासाठी ओलापारिबसारखं वेगळं औषध वापरता येतं. शिवाय तो दोष मुलांकडे, आणि मुलींकडेही, जाऊ शकतो. मुलींमध्ये त्यामुळे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. 'हा पुरुषांचा आजार, बायकांनी कशाला त्यात पडायचं' असं म्हणणाऱ्या घरांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. काकांची ही तपासणी पाठवली आहे. रिपोर्ट यायचा आहे. माझी चुलत बहीण आणि मी दोघीही त्याची वाट पाहतो आहोत.

गोळी सुरू करून चार महिने झाले. पीएसए ४.८ वरून ०.७ वर आला आहे. ही गोळीही कायमची पुरेल असं नाही. गाठ यावरही काहीतरी सोय शोधू शकते, हे मी काकांपासून लपवलेलं नाही. ते म्हणाले, "शोधू दे. आपणही शोधू. आमच्या खात्यात दुसरं काय चालायचं?" केमोथेरपी आहे, किरणोत्सारी ल्युटेशियमचा उपचार आहे, जनुकाप्रमाणे औषधं आहेत. पुढचं पुढे पाहू.

ही गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते आणि नंतर तासभर काही खाता येत नाही. त्यामुळे काकांचे पोहे आता एक तास उशिरा होतात, आणि ती त्यांची सध्याची सगळ्यात मोठी तक्रार आहे. त्यांनी एक वही केली आहे. पूर्वी पाण्याची पातळी लिहायचे तशी : तारीख, पीएसए, टेस्टोस्टेरॉन, रक्तदाब. दर वेळी लिहून झालं की फोटो काढून स्वतःच घरच्या ग्रुपवर टाकतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एकांचा फोन आला, काय झालंय म्हणून. काका सरळ म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. तुमचा पीएसए कधी पाहिलात?"

पुढच्या अंकात भेटू. तेव्हा नक्की बुरशीवर.